डाव्या कोपराचा पट्टा

खडकी, पुणे
९ नोव्हेंबर २०२५

ती. आबांना नम्रताचा शिरसाष्टांग नमस्कार.

पाकीट बघून दचकू नका, वाईट बातमी नाही. तुमचा फोन लागत नाही म्हणून लिहितेय. आधी वाटलं चार्जर इकडेच राहिला असेल. घरभर शोधला, तो तुम्ही आठवणीने नेलाय. आईंच्या फोनवर केला की त्या म्हणतात, 'ते रानात गेल्यात.' सकाळी केला तरी रानात, संध्याकाळी केला तरी रानात. दिवाळीच्या पाडव्यालाही रानात. मी बुधवार पेठेत वाढले असले तरी ज्वारीला एवढं काम नसतं हे मला कळतं.

मोतीबिंदूचा डोळा कसा आहे? काळा चष्मा लावूनच बाहेर पडा, धूळ जाऊ देऊ नका. शेफालीचं विज्ञान प्रदर्शन झालं. तिने बाबांना विचारून पुलाचं मॉडेल केलं होतं. पूल चांगला झाला, बक्षीस ज्वालामुखीला मिळालं. ज्वालामुखी दर वर्षी असतो आणि बक्षीस दर वर्षी त्यालाच मिळतं. ऑक्टोबरात ती उठायच्या आत तुम्ही करमाळ्याची एसटी गाठलीत, याचा तिला अजून राग आहे. तुमची एक टोपी इथे राहिली आहे. धुऊन कपाटात ठेवली आहे. पोस्टाने पाठवणार नाही, न्यायला या.

हे पत्र खरं तर तुमच्या चिरंजिवांनी लिहायला हवं. सैन्यातून आलेली त्यांची पत्रं तुम्ही पारावर नेऊन लोकांना दाखवायचात, 'अक्षर बघा पोराचं' म्हणून, हे आईंनी मला सांगितलंय. मी वही-पेन पुढे ठेवलं. 'तू लिही, मला वेळ नाही,' म्हणाले. वेळ होता, समोर क्रिकेट चालू होतं. हल्ली शेफालीच्या प्रगतिपुस्तकावरही मीच सही करते.

यांच्या त्या एमएमएच्या लढतीला तुम्ही तिथेच होता, पण तुम्ही गेल्यावर लोक काय बोलतात ते तुम्हाला माहीत नसेल, म्हणून सांगते. बालेवाडीच्या त्या हॉलमधला व्हिडिओ लाखो लोकांनी पाहिलाय. केजमध्ये, म्हणजे त्या जाळीच्या पिंजऱ्यात, हे पाठीवर पडलेत, छातीवर तो समर्थ नावाचा पोरगा, आणि जाळीवरून पांढरा टॉवेल उडत येतो, म्हणजे यांच्याच बाजूने हार कबूल, लढत बंद. मग कॅमेरा तुमच्यावर. टोपी, काळा चष्मा, हात अजून वर. खाली लिहिलंय, 'आजोबांना वाटलं कुस्ती चालू आहे.' पुस्तकांच्या दुकानात माझ्याकडे गाइडं घ्यायला येणारी मुलंही तो एकमेकांना दाखवतात. मी त्यांना मागच्या वर्षीची गाइडं देते.

लोकांचं म्हणणं असं, की कुस्तीत पाठ टेकली की संपलं, म्हणून म्हाताऱ्याला वाटलं पोरगा हरला. या खेळात पाठीवर पडूनही लढता येतं, हे त्यांना कोण सांगणार? उलट यांचा हुकमी डावच तिथला. खाली पडायचं, वरच्याला पायांच्या कैचीत धरायचं आणि त्याचा हात ओढून कोपर उलटं ताणायचं, तो हार मानेपर्यंत. त्या दिवशी समर्थचा हात यांच्या हातात आलेला सगळ्यांना दिसला. आजोबा जरा थांबले असते तर हवालदार (यांना तिथे हेच नाव आहे) जिंकला असता, असं सगळे म्हणतात. यांचा कोच तेजसही तेच म्हणतो, फक्त हळू आवाजात.

ड्रेसिंग रूममध्ये हे तुम्हाला जे बोलले ते मी दाराबाहेर ऐकलं. 'आबा, ही जत्रेतली कुस्ती नाही. कळत नाही तर टॉवेल हातात घ्यायचाच कशाला?' तुम्ही उरलेल्या टॉवेलांची घडी घातलीत, बाकावर ठेवलीत आणि बाहेर येऊन मला विचारलंत, 'शेफाली जेवली का?' नंतर मुलाखतीत माइकवाल्याने तुमच्यावरून विनोद केला तेव्हा हे हसले. ते हसणं मला अजून जात नाही.

तुम्हाला यांचं हे लढणं कधी पटलं नव्हतं. मी मोडता का घातला नाही ते सांगते. सतरा वर्षं सॅपर म्हणून यांनी पूल बांधले, सुरुंग काढले. निवृत्त झाल्यावर खराडीच्या एका कंपनीत सिक्युरिटी सुपरवायझर झाले. काम म्हणजे, गाड्यांखाली आरसा फिरवणाऱ्यांवर लक्ष ठेवायचं. घरी येऊन भिंतीकडे बघत बसायचे. इमारतीत 'हवालदार' म्हणून ओळख करून दिली तर लोकांना वाटायचं पोलीस. नो पार्किंगमधून गाडी उचलली की आमची बेल वाजायची. एक दिवस समोरच्या तेजसच्या जिममध्ये गाणी फार मोठ्याने लावतात म्हणून हे भांडायला गेले आणि घामाघूम होऊन जेवायला परत आले. गाणी अजून तेवढीच मोठ्याने वाजतात. पण त्या दिवशी हे झोपले, आबा. निवृत्तीनंतर पहिल्यांदा शांत झोपले. म्हणून मी कधी नको म्हटलं नाही. छत्तिशीत पहिली लढत, समोर विशीतली पोरं, आणि हे जिंकत गेले. आत जाताना स्पीकरवर बिगुल वाजवायचे, तेवढं यांना आवडायचं नाही. धून चुकीची आहे म्हणायचे. बाकी सगळं आवडायचं.

१४ डिसेंबरला पुन्हा लढत ठरली आहे, त्याच समर्थशी. व्हिडिओ गाजला म्हणून आयोजकांनीच ठरवली. पोस्टर लागलंय. यांचा फोटो, समर्थचा फोटो आणि मध्ये लिहिलंय, 'या वेळी टॉवेल नाही.' खडकी स्टेशनला उतरलं की समोरच दिसतं. मी हल्ली रिक्षाने येते. सराव जोरात चालू आहे. डाव्या कोपराला तो निळा पट्टा अजून बांधतात, जुनं दुखणं म्हणतात. तेजस त्या कोपराला फार जपतो. मला तर ते कोपर ठणठणीत दिसतं.

आता ज्यासाठी लिहायला घेतलं ते. मघाशी हे पान बाजूला ठेवून मी कुकर लावून आले.

यांचा उजवा हात जातोय.

गणपतीत पहिला कप फुटला. मग शर्ट सोडून टी-शर्ट आले, बटणं नकोत म्हणून. मग वरणभात चमच्याने. मला वाटलं, सरावाची घाई. मागच्या आठवड्यात सकाळी हे चहाला बसले होते, उजवा हात मांडीवर होता. डाव्या हाताने त्यांनी उजवा हात उचलला आणि टेबलावर ठेवला, टीव्हीचा रिमोट उचलून ठेवावा तसा. मी ओट्याशी होते. त्यांना वाटलं माझी पाठ आहे.

विचारलं तर म्हणाले, अवघडलाय. मग म्हणाले, मानेतून मुंग्या येतात, पूल बांधताना मानेवर लोखंडी पॅनल आदळलं होतं तेव्हापासूनचं आहे, आपोआप जाईल. तेव्हाही त्यांनी दवाखान्यात दाखवलं नव्हतं. सैन्यात दुखणं सांगितलं की मेडिकल कॅटेगरी खाली येते आणि कॅटेगरी खाली आली की बढती जाते, म्हणून सगळेच लपवतात म्हणे. कुणाला सांगायचं नाही, अशी शेफालीची शपथ घातली मला. कुणाला म्हणजे बाहेरच्याला, असा अर्थ मी लावलाय. तुम्ही बाहेरचे नाही.

आबा, तुम्ही महिनाभर रोज संध्याकाळी तेजसच्या जिममध्ये बाकावर बसायचात. पहिल्या दिवशी विचारलंत, 'ह्यो खाली पडून काय करतोय?' तेजसने समजावलं. दुसऱ्या दिवशी तुम्ही शेफालीला पलंगावर उशी घेऊन तो डाव करून दाखवत होतात, आणि बरोबर दाखवत होतात. चाळीस वर्षं जत्रेत पंच म्हणून उभा राहिलेला माणूस पाठ टेकली म्हणून टॉवेल टाकेल, हे मला पटत नाही. तुम्ही काय पाहिलंत?

मला भीती वाटते. या वेळी टॉवेल तेजसच्या हातात असणार, आणि त्याला काही माहीत नाही. तुम्ही १४ तारखेला या. यांच्याशी बोला, रागवा, आणि नाहीच ऐकलं तर पुन्हा टाका टॉवेल. लोक हसले तर मी बघून घेईन.

आईंना नमस्कार.

तुमची टोपी सांभाळणारी,
नम्रता


वाडीहून
२१ नोव्हेंबर

चि. सौ. नम्रता हिस महिपतीचे आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. डोळा स्वच्छ आहे, सुईत दोरा ओवतो. ज्वारी गुडघ्याला लागली. मी रानात आहे असे तुझ्या सासूला मीच सांगायला लावले होते. ती आता कंटाळली आहे. फोन बंद ठेवला त्याचे कारण असे की लिहिताना मला विचार करता येतो, फोनवर येत नाही. आपला मच्छिंद्र फोनवर दोन शब्द नीट बोलला असता तर मी सगळे सांगून बसलो असतो.

मी काय पाहिले ते विचारलेस. तू हुशार आहेस, पण पैलवानाच्या घरातली नाहीस, म्हणून तुला पट्टा दिसला आणि कळला नाही. मच्छिंद्र शाळेत असताना जत्रेत पहिल्यांदा लढला, तेव्हा त्याचा उजवा गुडघा सुजला होता. मी त्याच्या डाव्या गुडघ्याला पट्टी बांधली. समोरचा पोरगा सगळा वेळ डाव्या गुडघ्याला झोंबत राहिला. दुखऱ्या बाजूला पट्टी बांधायची नाही, धडधाकट बाजूला बांधायची, हे मी त्याला शिकवले. आमच्याकडे सगळेच असे करतात. तुमच्या घरी आलो त्या दिवशी त्याच्या डाव्या कोपराला पट्टा बघितला आणि समजलो की दुखणे उजवीकडे आहे.

मग जेवताना बघितले. एका हाताने भाकरी मोडणारा पोरगा भात मागू लागला, तोही चमच्याने. तू पण वाढत राहिलीस. तुला वाटले डाएट.

मी बोललो नाही, म्हटले तो सांगेल. सामन्याच्या दिवशी आत जाण्याआधी त्याचा उजवा हात हातात घेतला. जत्रेत जोड लावताना पंच दोघांचे हात धरून आखाड्यातून फिरवतो, तेव्हाच कुणात किती जोर आहे ते कळते. मी त्याला म्हटले, 'दाब.' तो हसला आणि डाव्या हाताने माझा खांदा दाबला. उजवा माझ्या हातात ओल्या फडक्यासारखा होता. तेव्हाच थांबवायला पाहिजे होते. पण त्याचे तोंड बघितले आणि माझ्याने झाले नाही.

पुढचे तू पाहिलेस. त्याने त्या पोराचा हात पकडला, ते सगळ्या हॉलला दिसले. मी त्याची बोटे बघत होतो. ती मिटत नव्हती. तो पोरगा मोकळ्या हाताने मारत होता, आपला मच्छिंद्र मार खात होता आणि हार मानणार नव्हता. म्हणून टॉवेल टाकला. पाठ टेकण्याचा काही संबंध नाही.

लोक हसतात त्याचे मला काही वाटत नाही. हात गेला म्हणून टाकला असे मी तिथे बोललो असतो तर त्याचा हात चारचौघांत उघडा पडला असता. पैलवानाचे दुखणे पैलवानाने सांगायचे असते, बापाने नाही. म्हाताऱ्याला खेळ कळला नाही म्हणाले, म्हणू देत, मला आता कुठे आखाड्यात उतरायचे आहे. पण तोही तेच म्हणाला, तेव्हा वाईट वाटले. एसटीत भिगवणपर्यंत वाईट वाटत होते. मग शेजारी एक चांगला माणूस बसला.

१४ तारखेला मी येणार नाही. मी पुन्हा टॉवेल टाकला तर तो तिसऱ्यांदा उभा राहील आणि टॉवेल धरायला दुसरा कुणी बघेल. त्याने स्वतःच्या तोंडाने बोलले पाहिजे. तेजसला सांगू नकोस, आयोजकांना सांगू नकोस. त्याच्या आधी कुणी बोलले तर तो जन्मभर विसरणार नाही.

तू एक कर. त्याला एकट्याला जेवायला बसव, शेफाली नको. भाकरी वाढ. चमचा ठेवू नकोस. काही विचारू नकोस. भाकरी जाड कर, तुझी पातळ असते आणि वाढतानाच मोडते.

मला पण भीती वाटते.

लि. महिपती

टोपी राहू दे. दुसरी आहे.


खडकी, पुणे
८ डिसेंबर २०२५

ती. आबांना नम्रताचा नमस्कार.

पत्र मिळाल्यावर मी तीन-चार दिवस काहीच केलं नाही. भाकरी थापायचे आणि पुन्हा पोळ्या करायचे. धीर होत नव्हता. शेवटी ३० नोव्हेंबरला, रविवारी सकाळी शेफालीला माझ्या माहेरी सोडलं, येताना मंडईतून वांगी आणली आणि भरली वांगी केली. भाकरी जाड केल्या. तुम्ही माझ्या भाकरीला नावं ठेवलीत ते मी लक्षात ठेवलंय, पण या वेळी उपयोगी पडलं.

हे येऊन बसले. ताटाकडे बघितलं.

'चमचा?'

'धुवायला पडलेत.'

'सगळे?'

'सगळे.'

मी समोर बसून जेवायला लागले. काही विचारायचं नाही असं तुम्ही लिहिलं होतंत, म्हणून तोंडात घास धरून ठेवला. त्यांनी उजवा हात भाकरीवर ठेवला. बोटं काठाला लागली, पण आत वळेनात. मग तळव्याने दाबून बघितलं. भाकरी नुसती ताटात सरकली. डावा हात मांडीवरून वर आला आणि पुन्हा खाली गेला. चमचा डाव्या हातात चालतो, पण तुमच्या घरात डाव्या हाताने कुणी भाकरी मोडत नाही. वांग्यावरचं तेल गोठायला लागलं तरी हे तसेच बसून. आबा, मला उठून ते ताट फेकून द्यावंसं वाटलं. तुमचाही राग आला.

भाकरीचा जाड काठ बघून म्हणाले, 'आबांचं पत्र आलंय का?'

'आलंय.'

'काय लिहिलंय?'

'भाकरी जाड करत जा म्हणून.'

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग डाव्या कोपराचा तो निळा पट्टा उजव्या हाताने सोडवायचा प्रयत्न केला. नाही जमलं. शेवटी दातांनी सोडवला आणि ताटाशेजारी ठेवला.

'कधी कळलं त्यांना?'

'आले त्याच दिवशी. हा पट्टा बघून.'

'म्हणजे टॉवेल...'

'हो.'

'आणि मी त्यांना काय बोललो.'

यांच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी लग्नानंतर फारसं पाहिलेलं नाही. शेफाली झाली तेव्हा हे सीमेवर होते, तेव्हा आलं असेल तर माहीत नाही. त्या दिवशी आलं आणि त्यांनी ते पुसलं नाही. मी त्यांच्या भाकरीचे तुकडे केले. तेव्हा मीही बोलून घेतलं. म्हटलं, मला पोस्टरवरचा माणूस नको, पट्टी बांधलेला नको, बिगुलवाला नको. मला घरातला माणूस हवा आहे आणि त्याचे दोन्ही हात हवे आहेत. म्हणाले, 'सांगितलं असतं तर सगळं तिथेच संपलं असतं.' मी म्हटलं, 'मग संपू दे.' असं बोलायला नको होतं कदाचित, पण बोलले. ते दोन भाकऱ्या जेवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतः तेजसकडे गेले. तेजसने आधी विचारलं, 'कुठला हात?' उजवा म्हटल्यावर तो मॅटवर खालीच बसला. बिचारा इतके महिने डावं कोपर जपत होता. मग यांनी तिथूनच आयोजकांना फोन केला. ते बरंच बोलले. पोस्टर अजून तिथेच आहे, फक्त यांच्या फोटोवर दुसऱ्या कुणाचा फोटो चिकटवलाय. 'या वेळी टॉवेल नाही' तसंच आहे. त्या जुन्या व्हिडिओखाली लोक लिहितायत, हवालदार पळाला. मी आता स्टेशनवरून चालत येते.

त्या माइकवाल्यालाही यांनी गाठलं. म्हणाले, तेव्हा हसलो होतो, आता बोलायचंय. त्याच्यासमोर सरळ सांगितलं, 'टॉवेल बरोबर पडला. माझ्या वडिलांना खेळ कळत होता. माझा हात चालत नव्हता आणि मी ते लपवलं.' तो व्हिडिओ फारसा कुणी पाहिला नाही. शेफालीने पुष्कळ वेळा पाहिला. वर्गातल्या मुलांना बळजबरीने दाखवते.

तपासण्या झाल्या. मानेत शीर दबली आहे. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात ऑपरेशन ठरलंय. बोटं परत येतील का, विचारलं तर डॉक्टर 'बघू' म्हणतात. पुन्हा केजमध्ये जाता येणार नाही, हे मात्र त्यांनी 'बघू' न म्हणता सांगितलं. १४ तारखेला लढले असते आणि मान चुकीची वळली असती तर पूर्ण हात गेला असता, कदाचित आणखीही काही. ते ऐकून मी दवाखान्याच्या जिन्यात बसले. हे शेजारी बसले आणि म्हणाले, 'घरी जाऊन चहा घेऊ.'

सगळं छान झालं असं लिहिणार नाही, कारण झालेलं नाही. हे पुन्हा भिंतीकडे बघत बसतात. झोप तुटली आहे. तेजसने सकाळी येणाऱ्या मुलांना शिकवायला बोलावलंय, हो म्हटलेलं नाही, नाहीही म्हटलेलं नाही. काल खिडकीत उभं राहून म्हणाले, 'गाणी फार मोठ्याने लावतात.' मी म्हटलं, 'मग जा भांडायला.' गेले नाहीत, पण खिडकी लावली नाही.

तो पट्टा मी फेकणार होते. यांनी ठेवायला सांगितलं. तुमच्या टोपीशेजारी कपाटात आहे.

पत्र इथे संपवून पाकिटात घालत होते, तर यांनी पान मागितलं. पेन हातात घेतलंय. एकदा सुटलं. आता पुन्हा घेतलंय. यांना माझी नजर नको असेल, म्हणून मी ओट्याशी जाते.

तुमची,
नम्रता


आबा,
उजव्या हाताने लिहितोय. वेळ लागतोय.
तुम्हाला खेळ कळला होता. मी बोललो ते चुकलं.
ऑपरेशनला या. आत नेताना माझा हात धरा. दाब म्हणा.
माझी आधीची पत्रं पारावर दाखवायचात. हेही दाखवा.

मच्छिंद्र